बोस्टनचा पैसा आणि नगरची मंडळी

एखादी संस्था शंभर वर्षें टिकली कीं तिचे लोक उत्सव करतात, जुन्या माणसांच्या तसबिरींना हार घालतात, आणि त्याच मांडवांत पुढच्या पंचवीस वर्षांचा बेत वाचून दाखवितात. हार आणि बेत हीं दोन्ही कामें एकाच बैठकींत उरकलीं म्हणजे त्यांचा परस्परांशीं कांहीं संबंध असावा असा समज होतो. पुष्कळदां तो नसतो. तसबिरींतला मनुष्य ज्या कामासाठीं झिजला तें काम बेतांत कोठें सांपडत नाहीं, आणि बेतांत ज्या इमारती असतात त्या त्यानें कधीं मागितलेल्या नसतात. गोमंतक व वसईकडील कॅथलिक परंपरा बाजूस ठेवली तर मराठी मुलखांतलें सर्वांत जुनें ख्रिस्ती मिशन म्हणजे अमेरिकन मराठी मिशन. २०१३ सालीं त्याच्या आरंभास दोन शतकें पुरीं झालीं. ह्या मिशनचा इतिहास आजवर बहुधा दोन प्रकारचे लोक सांगत आले आहेत: एक त्याची आरती करणारे आणि दुसरे त्याच्यावर फिर्याद आणणारे. आम्हांस येथें दोन्ही करावयाचें नाहीं. ह्या मिशननें आपल्या भविष्याचा विचार दोनतीनदां अगदीं मनापासून केला, त्यावर वाद केले, कागद लिहिले. त्या बेतांचें पुढें काय झालें, आणि बेताबाहेर जें झालें त्याची किंमत काय, एवढेंच पाहावयाचें आहे.

गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे दोन तरुण १८१३ च्या फेब्रुवारींत मुंबईस उतरले तेव्हां त्यांच्यापाशीं येथें राहण्याचा परवाना नव्हता. इंग्लंड व अमेरिका यांचें युद्ध चालू होतें. कंपनी सरकारास एरवींहि मिशनरी नकोच असत. आणि कलकत्त्याहून तर ह्या दोघांना विलायतेस रवाना करण्याचा हुकूम निघालेला. मुंबईचे गव्हर्नर सर इव्हान नेपियन हे धर्मशील गृहस्थ होते. हुकूम मोडावयाचा नाहीं, पण पाळावयाचा तो होईल तितक्या सावकाशीनें, असें त्यांचें धोरण दिसतें. मध्यंतरीं हे दोघे गुपचूप सिलोनच्या वाटेस लागले आणि कोचीनहून परत आणले गेले. अखेर त्याच वर्षीं कंपनीची सनद नवी करून देतांना पार्लमेंटनें मिशनऱ्यांस वाट मोकळी केली व त्यांचें बस्तान बसलें. नॉट प्रकृतीच्या कारणानें लवकरच परत गेले. हॉल तेरा वर्षें राहिले, मराठी शिकले, बाजारांत व देवळांपाशीं उभे राहून बोलले, आणि १८२६ त नाशिकच्या बाजूस प्रवासांत असतां पटकीनें वारले. ह्या तेरा वर्षांच्या उपदेशानें ख्रिस्ती झालेलीं मराठी माणसें शोधूं गेल्यास हातीं जवळजवळ कांहींच लागत नाहीं. ज्या अमेरिकन बोर्डानें त्यांना पाठविलें होतें त्याचें ठाणें बोस्टन येथें होतें. मिशनचा सारा खर्च वर्गणीच्या पैशांतून चाले, आणि वर्गणीदारांस दाखविण्यासारखें फळ तर नव्हतें. होत्या त्या शाळा, आणि एक छापखाना.

ह्या छापखान्याजवळ थोडें थांबलें पाहिजे. मराठी छपाईचा आरंभ त्याच्याहि आधीं, दूर बंगालांत श्रीरामपुरास, विल्यम कॅरे यांनीं वैजनाथ पंडितांच्या साह्यानें केला होता. त्यांचें मराठी व्याकरण १८०५ चें व कोश १८१० चा. पण मुंबईस, मराठी बोलणाऱ्यांच्या वस्तींत, मराठी अक्षरांचे खिळे जुळविण्याची खटपट अमेरिकन मिशनच्या छापखान्यानें केली. १८१७ त तेथून मत्तयाचें शुभवर्तमान निघालें, १८२६ त सबंध नवा करार. पुढें टॉमस ग्रॅहॅम नांवाच्या कारागिरानें ह्याच छापखान्यांत देवनागरीचे सुबक ठसे पाडले, आणि त्याच्या हाताखालीं जावजी दादाजी नांवाचा एक गरीब मराठी मुलगा खिळ्यांचें काम शिकला. त्या मुलानें पुढें स्वतःची टाइप फौंड्री काढली व १८६९ त निर्णयसागर छापखाना उभारला. निर्णयसागराच्या अक्षरांतूनच महाराष्ट्रानें पुढें आपले वेदान्ताचे ग्रंथ, आपलीं संस्कृत काव्यें आणि आपलीं पंचांगें वाचलीं. गणपत कृष्णाजींनाहि छापण्याची इच्छा झाली ती मिशनची पुस्तकें पाहूनच, असें सांगतात. न्यू इंग्लंडमधल्या एखाद्या शेतकऱ्याच्या विधवेनें मूर्तिपूजा नाहींशी व्हावी म्हणून टोपलींत टाकलेलें नाणें फिरतफिरत शेवटीं काव्यमालेच्या छपाईस हातभार लावतें झालें, हें त्या बाईला कळलें असतें तर तिला काय वाटलें असतें कोण जाणे! परंतु मराठी भाषेच्या इतिहासांत ह्या मिशनची पहिली मोठी नोंद हीच आहे, आणि बोस्टनला जाणाऱ्या अहवालांत तिच्यासाठीं रकाना असणें शक्य नव्हतें.

मुलींच्या शाळेची गोष्टहि अशीच. मुंबईंत १८२४ त मिशननें मुलींची शाळा काढली. १८२७ च्या अखेरीस सिंथिया फरार नांवाची अविवाहित शिक्षिका त्या कामासाठीं येऊन दाखल झाली. अमेरिकन मिशनांनीं परदेशीं धाडलेल्या अगदीं पहिल्या अविवाहित स्त्रियांपैकीं ती एक होती. १८३९ पासून मरेपर्यंत, म्हणजे १८६२ पर्यंत, ती अहमदनगरास मुलींना शिकवीत राहिली. तिच्या शाळेंतून किती मुली ख्रिस्ती झाल्या हा हिशेब आम्हांस महत्त्वाचा वाटत नाहीं. जोतीराव फुले हे आपले मित्र सदाशिव गोवंडे यांच्याबरोबर नगरास गेले असतां त्यांनीं ती शाळा पाहिली, आणि १८४८ त पुण्यास भिड्यांच्या वाड्यांत जी शाळा उघडली तिच्यामागें त्या पाहण्याची प्रेरणा होती. हें जोतीरावांनीं स्वतःच पुढें सांगितलें आहे. सावित्रीबाईंच्या अध्यापनशिक्षणाशींहि मिस फरार यांचें नांव जोडलें जातें. जोतीराव ख्रिस्ती झाले नाहींत. मिशनच्या दृष्टीनें तो एक पाहुणा आला, शाळा पाहून गेला, इतकेंच.

अहमदनगर हें ह्या मिशनचें खरें घर. (२०२४ पासून ह्या शहराचें नांव अहिल्यानगर झालें आहे, जुन्या कागदांत जें आहे तेंच येथें ठेवितों.) १८३१ च्या डिसेंबरांत तिघे मिशनरी तेथें जाऊन राहिले. देश उंच व कोरडा, हवा मुंबईपेक्षां बरी, जवळच इंग्रजी लष्कराची छावणी, असा हिशेब होता. पण सहा महिन्यांच्या आंत तिघांतले हर्वी पटकीनेंच गेले. १८३३ त तेथें लहानशी ख्रिस्तमंडळी स्थापन झाली. मंडळी हा शब्द आमच्या इतर वाचकांस घरांतील माणसांसाठीं किंवा नाटकवाल्यांसाठीं परिचयाचा आहे. मराठी ख्रिस्ती लोक तो उपासकांच्या समाजासाठीं वापरतात, आणि ती इमारत नव्हे, माणसें, हा अर्थ त्यांत आपोआप येतो. नगरच्या पहिल्या मंडळींत होते कोण? मिशननें चालविलेल्या गरीबखान्याच्या दारीं येणारे आंधळेपांगळे, आसपासच्या गांवांतले महार, आणि थोडक्याच वर्षांत हरिपंत खिस्ती व रामकृष्णपंत मोडक यांच्यासारखे कांहीं ब्राह्मण. हे सारे प्रभुभोजनाच्या वेळीं एकाच पात्रांतून पीत. शंभर वर्षांनंतर सहभोजनाच्या पंक्तींवर वर्तमानपत्रांतून जो धुरळा उडाला तो आठवला म्हणजे १८४० च्या सुमारास नगरांत ही गोष्ट कशी दिसली असेल याची कल्पना करतां येते. जातिभेद तेथें एका दिवसांत मेला असें नव्हे. लग्नें जुळवितांना तो पुष्कळ दिवस हळूच डोकें वर काढीत राहिला. तरी पात्र एकच होतें.

ह्याच नगरांतून १८४२ च्या जूनमध्यें ‘ज्ञानोदय’ निघूं लागला. हेन्री बॅलंटाईन हे त्याचे पहिले संपादक. धर्मखंडन हें तर त्याचें कामच. ‘प्रभाकरा’शीं त्याचे खटके उडत. परंतु खंडनाच्या बाजूलाच ग्रहणें कशीं लागतात, वाफेचें यंत्र कसें चालतें, असे विषय असत, आणि ज्यांना खंडन नको असे तेहि ते वाचीत. उलट उत्तर देण्यासाठीं हिंदु शास्त्री लेखणी घेऊन बसले, आणि वादासाठीं लागणारें मराठी गद्य दोन्हीकडून घडलें.

आतां आपण पहिल्या मोठ्या बेताकडे येतों. १८५४ च्या अखेरीस अमेरिकन बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन हे स्वतः हिंदुस्थानांत येऊन पोंचले. हा मनुष्य हुशार होता व मनाचा खंबीर होता. इंग्लंडांतील चर्च मिशनरी सोसायटीचे हेन्री व्हेन यांच्याप्रमाणेंच त्यांचेंहि मत असें बनलें होतें कीं, मिशन ही पाडण्यासाठींच उभारलेली पहाड आहे. इमारत म्हणजे देशी मंडळी. तिनें आपला कारभार आपण करावा, आपला खर्च आपण सोसावा, आपला प्रसार आपण करावा, आणि मिशनऱ्यानें पुढच्या मुलखास निघून जावें. त्यांच्या भेटीच्या सुमारास नगरास हरिपंत व रामकृष्णपंत यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. गोऱ्या मिशनऱ्याच्या हाताखालचा मदतनीस म्हणून नव्हे, मंडळीचा पाळक म्हणून. हें पाऊल काळाच्या पुढें होतें यांत शंका नाहीं. सरकारांत काय किंवा लष्करांत काय, त्या काळीं देशी माणसाच्या हातीं इतकी जबाबदारी देण्याची भाषा फार थोडे लोक बोलत.

परंतु ह्या बेताचीं दोन गणितें चुकलीं, आणि त्या चुकांचा भार अँडरसनसाहेबांवर न पडतां खेड्यांतल्या ख्रिस्ती माणसांवर पडला.

पहिलें गणित पैशाचें. मंडळीनें पाळकाचा पगार द्यावा हें न्यू इंग्लंडमधल्या गांवांत सरळ होतें, कारण तेथें देणाऱ्याचीं शेतें असत. नेवासें, राहुरी, पारनेर ह्या बाजूच्या गांवांतला ख्रिस्ती झालेला महार हा बलुतेदार. वेशीची राखण, सांगावा नेणें, मेलेलें ढोर ओढणें ह्या कामांच्या बदल्यांत त्याला खळ्यावर धान्य मिळे. ह्यांतलीं कांहीं कामें त्याच्या नव्या धर्मांत बसत नसत. तीं सोडावींत तर बलुतें जाई, आणि बलुतें गेलें म्हणजे पाळकास द्यावयास तर सोडाच, चुलीवर चढवावयासहि कांहीं राहत नसे. तेव्हां स्वावलंबन हा शब्द अहवालांत राहिला आणि पगार बोस्टनहून येत राहिला. शिवाय गांवच्या शाळेचा मास्तर व गांवचा उपदेशक हा बहुधा एकच मनुष्य असे. म्हणजे मंडळीचा पुढारी आणि मिशनचा नोकर हीं दोन नातीं एकाच अंगरख्यांत शिवलीं गेलीं. तीं पुढें साठ वर्षें उसवतां आलीं नाहींत.

दुसरें गणित भाषेचें. मिशननें इंग्रजी शिक्षणावर पैसा घालूं नये, लोकांना त्यांच्या भाषेंतच शिकवावें, असें अँडरसन यांचें ठाम मत. जाफन्याजवळची बट्टिकोटाची नांवाजलेली पाठशाळा ह्याच धोरणानें १८५५ त बंद पडली, आणि मराठी मिशनांतहि इंग्रजीस कात्री लागली. ह्या मतामागें निव्वळ दुराग्रह नव्हता. इंग्रजी शिकलेला मुलगा कचेरींत कारकून होतो व खेडें सोडतो, हें त्यांनीं ठिकठिकाणीं पाहिलें होतें. मराठींतून शिकविण्याचा आग्रह आमच्यासारख्या मराठीप्रेमी वाचकांस गोडहि वाटेल. पण त्याची फळें कोणाच्या वांट्यास आलीं तें पाहावें. पुण्यामुंबईच्या ब्राह्मण व प्रभु मुलांना इंग्रजी सरकारी शाळांतून मिळतच होतें. मिळालें नाहीं तें नगर जिल्ह्यांतल्या महार ख्रिस्त्याच्या मुलाला, ज्याला मिशनशिवाय दुसरी शाळा दारांत उभी करीत नव्हती. तो वाचावयास शिकला, शास्त्र पाठ करूं लागला, गांवचा मास्तर झाला. परंतु ज्या दारांतून मामलेदार व वकील होत तें दार त्याला उशिरां उघडलें. १८७८ त रॉबर्ट ॲलन ह्यूम यांनीं नगरास धर्मशिक्षणाची पाठशाळा काढली, आणि पुढें इंग्रजी शाळाहि वाढल्या. पण मधल्या वर्षांचा तोटा भरून निघाला असें म्हणवत नाहीं.

बेताबाहेर मात्र त्याच काळांत एक चांगली गोष्ट घडत होती. कृष्णराव रत्नाजी सांगळे ह्यांच्यासारख्या मंडळींनीं कीर्तनाचा साज उचलला. टाळ, मृदंग, पूर्वरंग, उत्तररंग, सारें तेंच, आख्यान तेवढें ख्रिस्ताचें. इंग्रजी चालींवर बसविलेलीं भाषांतरित गीतें म्हणतांना खेड्यांतल्या माणसाची जीभ अडखळे; कीर्तनाला तो रात्रभर बसे. हें कोणा चिटणिसानें सुचविलें नव्हतें.

१८८१ त नगरच्या कामास पन्नास वर्षें झालीं तेव्हां मिशननें मोठा समारंभ केला व त्यांत वाचलेले निबंध पुढल्या वर्षीं पुस्तकरूपानें छापले. संस्थांनीं आपला इतिहास जपावा कसा याचा तो चांगला नमुना आहे: शाळांचा निराळा लेख, छापखान्याचा निराळा, बायकांच्या कामाचा निराळा. पण त्या समारंभाच्या थोडेंच अगोदर, १८७६ ते १८७८ त, दक्षिणेंत भयंकर दुष्काळ पडून गेला होता, आणि पुढें १८९६-९७ व १८९९-१९०० चे दोन दुष्काळ यावयाचे होते. मिशनची संख्येनें झालेली मोठी वाढ ह्या दुष्काळांभोंवतीं आहे, हें तिच्या मित्रांनीं मनमोकळेपणानें मान्य करावें. अनाथ मुलांना आसरा मिळाला, हजारों जीव वांचले. ह्यूम यांना मदतकार्याबद्दल सरकारनें कैसर-इ-हिंदचें सुवर्णपदक दिलें तें योग्यच होतें. भुकेलेल्याला भाकर देणाऱ्याचा धर्म भुकेल्यानें घेतला तर त्याला नांवें ठेवण्याचा अधिकार, ज्यांनीं त्या वर्षीं आपलीं कोठारें उघडलीं नाहींत त्यांना तरी नाहीं. मात्र अशा वाढीबरोबर एक अडचण येते. वसतिगृहें, उद्योगशाळा, गालिच्यांचे माग, सारें परदेशच्या कळवळ्याच्या भरतीवर उभें राहिलें. चर्चिल नांवाच्या मिशनरी इंजिनियरानें नगरास हातमाग सुधारला. सोलापुरास लहान मुलांच्या बालोद्यान शाळेचा पाया घातला गेला. वाईस दवाखाना निघाला. कामें एकाहून एक चांगलीं, आणि प्रत्येकाच्या पायाखालीं तेंच बोस्टनचें पाणी. भरती ओसरल्यावर काय, हा प्रश्न १९१३ च्या शतसांवत्सरिक उत्सवाच्या वेळीं सुज्ञांच्या मनांत असलाच पाहिजे.

तो प्रश्न मोठ्यानें विचारला एका कवीनें. नारायण वामन टिळक १८९५ त ख्रिस्ती झाले, नगरच्या पाठशाळेंत त्यांनीं शिकविलें, १९१२ पासून ‘ज्ञानोदया’ची मराठी बाजू सांभाळली. त्यांचीं भजनें आजहि मराठी उपासनेचा कणा आहेत. पण १९१७ त त्यांनीं मिशनच्या पगारावर पाणी सोडलें आणि ‘देवाचा दरबार’ नांवाचा एक बंधुसंघ काढला. त्यांत बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले दोघांसहि जागा होती. रामदासांच्या साताऱ्यास जाऊन ते संन्याशाच्या वृत्तीनें राहूं लागले. मिशनऱ्यांशीं त्यांचें वैर नव्हतें. ह्यूम यांच्यावर तर त्यांचें प्रेम होतें. त्यांचें म्हणणें इतकेंच कीं, ज्याच्या हातून महिन्याला वेतन घ्यावें त्याच्याशीं बरोबरीच्या नात्यानें बोलतां येत नाहीं, आणि जोंवर ख्रिस्त हा परदेशी पगारवाटपाच्या टेबलामागें बसलेला दिसतो तोंवर ह्या देशाचीं माणसें त्याला ओळखणार नाहींत. अँडरसननीं जें साहेबाच्या बाजूनें सांगितलें होतें तेंच टिळकांनीं नोकराच्या बाजूनें सांगितलें. फरक एवढाच कीं टिळकांनीं त्याची किंमत स्वतःच्या घरांतून मोजली. ती किंमत लक्ष्मीबाईंनीं किती मोजली हें ‘स्मृतिचित्रें’ वाचलेल्या वाचकांस सांगावयास नको.

दोन वर्षांतच, १९१९ च्या मे महिन्यांत, टिळक वारले. त्यांच्या इच्छेप्रमाणें त्यांच्या देहास अग्नि दिला गेला, हेंहि ख्रिस्ती समाजांत त्या वेळीं नवलच. दरबार त्यांच्यामागें टिकला नाहीं. त्याला घटना नव्हती, निधि नव्हता, उत्तराधिकारी नव्हता. म्हणून तो फसला असें म्हणण्याचा प्रघात आहे. आम्हांस तसें वाटत नाहीं. ज्या बेताला इमारत नसते तो मोडून पडत नाहीं; तो पुनः कोणाला तरी आठवतो.

मिशनचा पुढील इतिहास थोडक्यांत सांगतां येतो. १९२४ त उत्तर हिंदुस्थानच्या संयुक्त मंडळीची स्थापना झाली, आणि अमेरिकन मिशनच्या मंडळ्या तींत सामील झाल्या. तिचे पहिले अध्यक्ष ह्यूम होते. १९२९ नंतरच्या जागतिक मंदींत बोर्डाची मिळकत घटली व येथल्या खर्चाला कात्री लागली. १९४७ च्या जूनमध्यें, स्वातंत्र्याला दोन महिने असतां, डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनीं अहमदनगर कॉलेज काढलें. हिवाळे हे नगरचे, मिशनच्या छायेंत वाढलेले, हार्वर्डास शिकून आलेले. त्यांना पाठशाळा काढतां आली असती, मुंबईची प्राध्यापकी होतीच. त्यांनीं जिल्ह्यांतल्या सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठीं कॉलेज काढलें, आणि त्यासाठीं अमेरिकेंत फिरून पैसा आणला तो मिशनरी म्हणून नव्हे, नगरचा मनुष्य म्हणून. अँडरसन यांनीं १८५५ त जें दार लावलें होतें तें अशा रीतीनें ब्याण्णव वर्षांनीं एका नगरकर ख्रिस्त्यानें सताड उघडलें, आणि त्यांतून आंत गेलेल्यांत बहुसंख्य ख्रिस्ती नव्हते.

त्यानंतर तीनच वर्षांनीं, १९५० त, अनुसूचित जातींसंबंधींचा राष्ट्रपतींचा आदेश निघाला. हिंदु धर्माबाहेरील कोणासहि अनुसूचित जातीचा समजूं नये असें त्यांत होतें. १९५६ त त्यांत शीख आले, १९९० त बौद्ध आले. ख्रिस्ती अद्याप बाहेरच आहेत. नगर जिल्ह्यांतल्या एकाच आज्ज्याचीं नातवंडें, एका चुलत्याचीं बौद्ध व दुसऱ्याचीं ख्रिस्ती, एकाच शाळेंत शिकून निघालीं तर पहिल्यास जी सवलत मिळते ती दुसऱ्यास मिळत नाहीं. मंडळीच्या वाढीच्या गोष्टी बोलतांना हा कागद टेबलावर ठेवूनच बोलावें लागतें. कारण पुष्कळ घरांत त्यामुळें नांव एक आणि उपासना एक असा दुहेरी हिशेब चालतो, आणि शिरगणतीवर विसंबून काढलेले सारे बेत तेथें खोटे पडतात.

२९ नोव्हेंबर १९७० रोजीं नागपुरास उत्तर भारताची मंडळी स्थापन झाली व संयुक्त मंडळी तींत मिळाली. अमेरिकन मिशनच्या परंपरेंत बिशप नव्हता. प्रत्येक मंडळी आपला पाळक आपण निवडी. ऐक्याबरोबर बिशप आले, धर्मप्रांत आले, आणि मालमत्तेच्या मालकीचा प्रश्नहि आला. शहरांच्या मध्यभागीं आलेल्या मिशनच्या जमिनी आतां कोट्यवधींच्या झाल्या आहेत, आणि ठिकठिकाणीं तंटे न्यायालयांत आहेत. कोणाचें खरें व कोणाचें खोटें हें ठरविण्याचें हें स्थळ नव्हे. एक मात्र दिसतें. ज्या गोष्टी मिशननें हातून सोडून दिल्या त्यांच्यावरून आज कोणी भांडत नाहीं. निर्णयसागराचीं अक्षरें, जोतीरावांची शाळा, टिळकांचीं भजनें, सांगळ्यांचें कीर्तन, हिवाळ्यांचें कॉलेज, ह्यांतलें कांहीं मिशनच्या मालमत्तेच्या यादींत नाहीं. (नगरच्याच एका ख्रिस्ती घरांतला शाहू मोडक १९४० च्या चित्रपटांत ज्ञानेश्वर झाला व महाराष्ट्रानें त्याला ज्ञानेश्वर म्हणून हात जोडले, हाहि वारसा कोणत्या यादींत घालावा?)

आज पुढच्या वाढीचे बेत पुनः चालू आहेत, आणि ते चालू असावेतच. शाळांच्या बाबतींत पालकांचा ओढा इंग्रजी माध्यमाकडे आहे. जुन्या मराठी शाळांचे वर्ग रिकामे पडतात. १८५५ चा वाद उलटा होऊन दारीं उभा आहे. इंग्रजी नाकारली तर गरिबाचें नुकसान होतें, हें तेव्हांच सिद्ध झालें. मराठी सोडली तर ज्या भाषेंत ही मंडळी गाते व प्रार्थना करते ती तिच्या मुलांना वाचतां येणार नाहीं, आणि टिळकांच्या भजनांचें पुस्तक घरांत इतर जुन्या भांड्यांबरोबर माळ्यावर जाईल. पुण्यामुंबईस गेलेल्या तरुण कुटुंबांत हें घडूं लागलें आहे. दोन्ही भाषा नीट शिकवील अशी शाळा खर्चाची असते आणि तिला चांगला मास्तर लागतो. नव्या सभागृहाच्या निधीपेक्षां त्या मास्तराच्या पगाराचा निधि आधीं गोळा करावा असें आमचें मत आहे. ह्या मतानें वर्गणीदार खूष होणार नाहींत, कारण मास्तराच्या पगारावर संगमरवरी पाटी बसवितां येत नाहीं.

आणि वारशाच्या बाबतींत एक काम असें आहे कीं तें दुसरें कोणी करणार नाहीं. अमेरिकन बोर्डाची सारी जुनी पत्रें हार्वर्ड विद्यापीठाच्या ग्रंथालयांत व्यवस्थित जपून ठेविलेलीं आहेत. जगांतला कोणीहि अभ्यासक जाऊन तीं पाहूं शकतो. त्या पत्रांत हॉल बोलतात, फरार बोलतात, ह्यूम बोलतात. ज्यांच्याविषयीं ते लिहितात ती गांवची माणसें त्यांत फारच क्वचित् बोलतात. त्यांचा आवाज असेल तर तो येथें आहे: ‘ज्ञानोदया’च्या जुन्या अंकांत आलेल्या मराठी पत्रांत, आणि खेड्यांतल्या मंडळ्यांच्या वह्यांत, जेथें बाप्तिस्मे, लग्नें, मरणें, दुष्काळांत कोणास किती धान्य दिलें, कोणा वडिलानें कोणाला शिस्त लावली, हें मास्तरानें आपल्या हातानें लिहून ठेवलें आहे. ह्या वह्या कोणत्या कपाटांत आहेत याची एक यादी नाहीं. घर दुरुस्त करतांना, पाळक बदलतांना, कोर्टकचेरींत पुरावा म्हणून नेतांना अशा वह्या हरवतात. गांवोगांव फिरून त्यांची यादी करणारा एक मनुष्य, त्यांची छायाचित्रें घेण्याचें साधन, त्या ठेवण्यास एक कोरडी खोली, आणि जुनें वळण व मोडी वाचतां येणारा एखादा वृद्ध मास्तर, एवढ्यानें आरंभ होण्याजोगा आहे. शिरूर, वडाळें, राहुरी ह्या बाजूनें सुरुवात करावी. जुन्या मंडळ्या तिकडेच आहेत, आणि पावसाळ्यापूर्वीं हीं गांवें उरकतां येतील.